धूर कुठून गेला? इंग्लंडमधल्या ६०० वर्षांच्या लाकडी शेतघराची गोष्ट

केंट काउंटीत घर शोधणाऱ्या एका मराठी जोडप्याने मध्यंतरी मला एक जाहिरात पाठवली. शेतघर, १५वं शतक. ओकच्या लाकडाचा सांगाडा. दर्शनी भिंत विटांची, १८व्या शतकातली. आणि शेवटी एक ओळ: छपरात धुराने काळवंडलेले वासे. खाली त्यांचे तीन प्रश्न होते. लाकडाचं घर ६०० वर्षं टिकतं कसं? ते १५व्या शतकातलं आहे हे ठरवलं कुणी? आणि वासे काळे पडलेत ही घराची खोड आहे की कौतुक?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: कौतुक आहे, आणि मोठं आहे. त्या घराच्या इतिहासाचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे ती काजळी. इंग्लंडमधलं जुनं शेतघर वाचायचं असेल तर एकच गोष्ट धरून ठेवावी: चुलीचा धूर कुठून जात होता. बाकीचं बरंचसं त्यातून आपोआप उलगडतं.

भिंत घर धरत नाही

आपल्या डोक्यात घर म्हणजे आधी भिंती आणि मग त्यावर छप्पर. इथे उलट आहे. आधी लाकडाचा पिंजरा उभा राहतो: खांब, तुळया, आडव्या-तिरप्या पट्ट्या, वासे. सगळं वजन तो पिंजरा पेलतो. भिंत नंतर भरायची, फक्त वारा-पाऊस अडवायला. भिंत पडली तरी घर उभंच राहतं. पुण्या-नाशिकचे जुने वाडे ज्यांनी पडताना पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मधल्या विटा ढासळतात आणि सागवानी खांब-तुळया तशाच उभ्या असतात.

आणखी एक शब्द आपल्याकडे तयार आहे. घर किती मोठं ते आपण खणांवरून सांगतो, पाच खणी, सात खणी. इंग्लंडचा जुना सुतारही घर तसंच मोजायचा: दोन जोडखांबांमधलं अंतर म्हणजे एक खण.

सांगाड्यातल्या रिकाम्या चौकटी भरायची रीत तर कोकणातल्या माणसाला घरचीच वाटेल, कारण ती चक्क कुडाची भिंत आहे. वरच्या तुळईच्या पोटाला ओळीने भोकं पाडायची, खालच्या तुळईवर लांब खाच कोरायची, आणि ओकच्या चिरलेल्या काठ्या वर भोकात घालून खाली खाचेत सरकवायच्या. त्यांच्यातून हेझल नावाच्या झुडपाच्या लवचिक फांद्या टोपलीसारख्या विणायच्या. मग चिखल, शेण आणि चिरलेला पेंढा मळून दोन्ही अंगांनी लिंपायचं आणि वरून चुना. कारवीच्या जागी हेझल, एवढाच फरक.

ती ओळीने पाडलेली भोकं लक्षात ठेवा. पुढे लागतील.

ओलं लाकूड, उलटा खांब

लाकूड वाळवून मुरवून वापरावं, असं आपला सुतार सांगतो. मध्ययुगातला इंग्लिश सुतार ओक ओलाच वापरायचा. वाळलेला ओक इतका कठीण होतो की हाताच्या हत्यारांनी त्याचे सांधे कोरणं जिकिरीचं. ओला ओक मऊ असतो. तो घर उभं राहिल्यावर, जागच्या जागी, काही वर्षांत वाळतो आणि वाळताना आक्रसतो, पिळतो, वाकतो. जुन्या घरातल्या तिरक्या चौकटी आणि उताराला लागलेल्या फरशा यांचं एक मोठं कारण हेच. घर पडायला आलेलं नसतं, तर ते केव्हाच वाकून स्थिरावलेलं असतं.

सांध्यांत खिळा जवळपास नाहीच. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं आणि ते लोखंड खाऊन टाकतं. म्हणून एका लाकडाच्या टोकाला जीभ कोरायची, दुसऱ्याला तेवढीच खोबण, आणि आरपार ओकची खुंटी. यातली खुबी अशी की जिभेचं आणि खोबणीचं भोक मुद्दाम एका रेषेत पाडत नाहीत, थोडंसं पुढेमागे ठेवतात. खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं जुळवायला जाते आणि सांधा घट्ट ओढून घेते.

खांबांकडेही नीट पाहावं. वरचं टोक खालच्यापेक्षा रुंद दिसतं. झाडाचा बुंधा मुळाशी जाड असतो, सुतार तो उलटा करून लावतो. वर खांबाच्या डोक्यावर भिंतीलगतची तुळई, आडवी तुळई आणि वासा असं तिघांचं वजन येतं. तीन सांधे कोरायला जाडी हवी, ती बुंध्याकडेच मिळते.

एवढं लाकूड यायचं कुठून? जंगलांचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहम यांनी सफोकमधल्या ग्रंडल हाउस या १५००च्या सुमाराच्या शेतघराचं लाकूड मोजलं, तर सुमारे ३३० झाडं भरली. पण ती बहुतेक बारीक, तरुण झाडं होती. माणसं राखलेल्या रानातून हवी तेवढ्याच जाडीची झाडं तोडत आणि बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटू देत. प्रत्येक घरामागे एक महावृक्षांचं जंगल साफ झालं, ही आपली कल्पना खरी नाही.

सांगाडा सुताराच्या आवारात जमिनीवर आडवा मांडून जुळवत, मग सोडवत, गाडीत घालत आणि जागेवर नेऊन पुन्हा उभा करत. कुठलं लाकूड कुठे हे चुकू नये म्हणून प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांच्या खुणा कोरलेल्या असतात. चार हा आकडा बहुधा चार उभ्या रेघांनीच काढलेला. कोरायला रेघा सोप्या, म्हणून रोमन. आजही टॉर्च तिरपा धरला की त्या खुणा लाकडावर उमटून दिसतात.

बे-लीफ: एका घराची दोन वयं

आता एक खरं घर घेऊ. वेस्ट ससेक्समध्ये सिंगल्टन गावाजवळ वील्ड अँड डाउनलँड नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. तिथे बे-लीफ हे शेतघर उभं आहे, पण ते मूळचं तिथलं नाही. ते होतं केंटमध्ये चिडिंगस्टोनजवळ. १९६०च्या दशकात तिथे बो बीच जलाशय बांधायचं ठरलं आणि घर पाण्याखाली जाणार हे नक्की झालं. संग्रहालयाने ते सोडवलं, तुकडे आणले आणि १९७२ साली नव्या जागी उभं केलं. सुताराने ज्या रीतीने ते पहिल्यांदा जोडलं, त्याच रीतीने ५०० वर्षांनी ते सुटलं आणि पुन्हा जुळलं. धरणात गेलेली गावं आपल्या ओळखीची आहेत. त्यांतली किती घरं अशी उचलून आणता आली असती, हा विचार तिथे उभं राहिल्यावर मनातून जात नाही.

बे-लीफ ज्या प्रकारचं आहे त्याला वील्डन घर म्हणतात. केंट-ससेक्समधला वील्ड हा रानाचा प्रदेश, त्यावरून हे नाव. समोरून पाहिलं तर दोन्ही टोकांच्या माड्या पुढे आलेल्या, मधला भाग आत गेलेला आणि या सगळ्यावर एकच सलग छप्पर. चार खणांचं घर. मधले दोन खण म्हणजे हॉल, जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा. एका टोकाला दोन कोठ्या, एक पिंपांची आणि एक पावाची. पावाच्या कोठीचं नाव पॅन्ट्री. रेल्वेच्या पॅन्ट्री कारमध्ये आपण तोच शब्द वापरतो. दुसऱ्या टोकाला घरधन्याची खोली आणि तिच्यावर निजायची माडी. त्या माडीला बाहेर लटकणारा संडासही आहे.

घर इतकं जुळून आलेलं आहे की एका दमात बांधलं असं वाटतं. पण लाकडाचं वय काढलं तेव्हा कळलं, की हॉल आणि कोठ्यांचं टोक १४०५ ते १४३० या काळातलं आहे आणि धन्याच्या खोलीचा खण १५०५ ते १५१० मधला. मध्ये जवळजवळ १०० वर्षं! म्हणजे ‘हे घर कधीचं?’ हा प्रश्नच थोडा चुकतो. ‘या घराचा कुठला भाग कधीचा?’ असं विचारावं लागतं.

हॉलमधला धूर

‘वन बीएचके’ म्हणताना आपण ज्याला हॉल म्हणतो, त्याचा पणजोबा म्हणजे हा बे-लीफचा हॉल. जमीन चोपून केलेली. मधोमध, भिंतींपासून लांब, उघडी चूल. धुराडं नाही. खिडक्यांना काच नाही, फक्त लाकडाचे उभे गज आणि थंडीत लोटायची लाकडी झडप. धूर वर जातो, छपराखाली साठतो आणि कौलांच्या फटींतून, त्रिकोणी टोकांच्या भोकांतून हळूहळू बाहेर पडतो.

मी आत गेले तेव्हा चूल पेटलेली होती. उभी असताना डोळे चुरचुरले, भिंतीलगतच्या बाकावर बसले आणि हवा स्वच्छ लागली. धूर डोक्याच्या वर एका पातळीत तरंगत होता. मला आजोळच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. तिथेही धुराडं नव्हतं, धूर कौलांतून जायचा, आणि बी-बियाणं, सुकी मासळी चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची, कारण धुरात कीड लागत नाही. इथेही छपराला धुराने तेच केलं. डेव्हनमध्ये काही घरांच्या छपरांत मध्ययुगातला पेंढा आजही आहे, काजळीने काळा झालेला आणि कोरडा राहिलेला.

आता जाहिरातीतली ओळ नीट वाचता येईल. वासे काळे म्हणजे त्यांच्याखाली कधीकाळी छतापर्यंत मोकळा हॉल आणि उघडी चूल होती. सामान्य शेतघरांतला मोकळा हॉल १६व्या शतकात मागे पडत गेला, म्हणून काळा वासा बहुधा त्याआधीचा. छपराच्या निम्म्याच भागातले वासे काळे असतील, तर काजळी जिथे थांबते तिथे हॉल संपत होता.

धुराडं आलं आणि घर बदललं

धुराडं एका दिवसात आलं नाही. आधी लोकांनी हॉलचा एक अरुंद खण पडद्याने वेगळा करून धुराला सोडला. काहींनी लाकूड आणि चिखलाचं धुराडं केलं. मग विटा स्वस्त झाल्या तसं विटांचं धुराडं घराच्या पोटात उभं राहिलं.

धूर एका नळीत कोंडला गेला आणि हॉलची वरची सगळी हवा मोकळी झाली. तिथे तुळया टाकून पाटणी केली, वर नवी खोली मिळाली. वर जायला जिना आला. खालच्या बैठ्या खोलीला काच लागली. जिथे घरातले सगळे, नोकरचाकरांसकट, एका चुलीभोवती बसत, तिथे प्रत्येक खोलीला आपापलं दार आलं. एकांत ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात शिरली ती धुराड्याच्या मागोमाग.

हे घडताना पाहणारी माणसं होती. एसेक्समधल्या रॅडविंटरचे पाद्री विल्यम हॅरिसन यांनी १५७७ मध्ये नोंदवलंय, की त्यांच्या गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत झालेले तीन बदल नवलाचे वाटत: धुराडी फार झाली, अंथरुणं-उशा सुधारल्या आणि लाकडी भांड्यांच्या जागी जस्तासारख्या दिसणाऱ्या प्यूटर धातूची भांडी आली. १९५३ मध्ये इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १५७० ते १६४० या काळाला खेड्यापाड्यांतल्या मोठ्या पुनर्बांधणीचा काळ म्हटलं. पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं की हे सगळीकडे एकाच वेळी झालं नाही. आग्नेय इंग्लंडमध्ये लवकर, उत्तरेत बरंच उशिरा. १६६२ पासून तर सरकारने चुलींवरच कर बसवला, दर चुलीला वर्षाला दोन शिलिंग. तो १६८९ मध्ये उठला, पण कुणाच्या घरात किती चुली याच्या याद्या मागे राहिल्या आणि आज त्या अभ्यासकांच्या कामी येतात.

चुलीवरच्या तुळईवर कधी कधी कर्कटकाने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल दिसतं, कधी मेणबत्तीने मुद्दाम दिलेला थेंबाच्या आकाराचा चटका. धुराड्याचं तोंड आभाळाकडे सदा उघडं. तिथून वाईट काही शिरू नये यासाठी या खुणा असाव्यात, असं अभ्यासक मानतात. उंबऱ्यावर रांगोळी काढणाऱ्या आपल्याला हे समजायला अवघड नाही.

मग बाहेरून ते विटांचं का?

कारण पुढच्या पिढ्यांना लाकूड दिसणं जुनाट वाटू लागलं. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये विटा-दगडांनीच बांधायचा कायदा झाला. खेड्यांना तो लागू नव्हता, पण आवड शहराकडून आली. पुढे आलेल्या माडीखाली विटांची भिंत उभारली की समोरची बाजू सपाट. केंट-ससेक्समध्ये तर विटेसारखी दिसणारी खास कौलं लाकडावर टांगत. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटे, पक्कं विटांचं घर आहे.

काळी तुळई-पांढरी भिंत हे जे चित्र आपल्या मनात ठसलेलं आहे, तेही बऱ्याच अंशी १९व्या शतकातल्या आवडीचं. आग्नेय इंग्लंडमध्ये ओक उघडा सोडत, तो उन्हापावसात चंदेरी करडा होई, किंवा लाकडासकट सगळ्यावर चुन्याचा हात फिरवत.

‘पण ही तर जुन्या जहाजांची लाकडं ना?’

हे इंग्लंडमध्ये गावोगावी ऐकू येतं. घरमालक अभिमानाने सांगतात: ही तुळई मोडक्या जहाजाची, बघा ना, किती रिकाम्या खाचा! समुद्रापासून कितीतरी लांबच्या गावातही हेच सांगतात. जहाजाची लाकडं वळणदार, मिठाने खाल्लेली, लोखंडाने भरलेली. ती इतक्या आत वाहून आणून सरळ घर बांधणं बहुतेक ठिकाणी परवडणारंच नव्हतं.

मग रिकाम्या खाचा कशाच्या? इथे ती भोकं कामी येतात. तुळईच्या पोटाला ओळीने भोकं आहेत आणि खाली काही नाही, म्हणजे तिथे कुडाची भिंत होती, नंतर काढली. ओळीने चौकोनी खाचा, कोन पुढे करून तिरप्या बसवलेल्या, म्हणजे तिथे बिनकाचेची खिडकी होती आणि त्या खाचांत गज उभे होते. काहीच अर्थ लागत नसेल, तर ते लाकूड आधीच्या एखाद्या घराचं किंवा कोठाराचं, दुसऱ्यांदा वापरलेलं. जहाजाच्या कथेपेक्षा मला हे कितीतरी जास्त मोलाचं वाटतं: एक रिकामी खाच पाहून ५०० वर्षांपूर्वी कुणी कुठल्या खिडकीतून बाहेर पाहत होतं ते सांगता येतं.

वय नक्की कसं काढतात?

काजळी आणि खाचा क्रम सांगतात. सालासाठी झाडालाच विचारावं लागतं. ओक दर वर्षी एक वलय धरतो. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. एका भागातल्या झाडांनी तेच पाऊसपाणी पाहिलेलं, त्यामुळे त्यांचा रुंद-अरुंद क्रम जुळतो. अभ्यासकांनी आजच्या झाडांपासून मागे मागे जात या क्रमाची लांब पट्टी तयार केली आहे. तुळईत पेन्सिलीएवढं भोक पाडून नमुना काढायचा, वलयं मोजायची आणि पट्टीवर कुठे बसतात ते पाहायचं. साधारण ५० हून जास्त वलयं हवीत.

सालीपर्यंतचं लाकूड शाबूत असेल तर झाड कुठल्या वर्षी, अगदी कुठल्या ऋतूत पडलं ते कळतं. सालीखालचं कोवळं लाकूड तासून गेलं असेल तर अंदाज करावा लागतो. इंग्लंडच्या ओकमध्ये अशी वलयं साधारण ९ ते ४१ असतात. बे-लीफच्या तारखा ‘१४०५ ते १४३०’ अशा पट्ट्यात येतात त्या यामुळे.

यावर शंका येते: झाड तोडल्याचं वर्ष म्हणजे घर बांधल्याचं वर्ष कसं? लाकूड ओलं वापरत म्हणून. तोडल्यावर वर्ष-दोन वर्षांत ते घरात लागलेलं असे.

सगळेच तेव्हा अशा घरांत राहत होते का?

नाही, आणि हे विसरून चालणार नाही. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडमधली फार मोठी लोकसंख्या नेली. जे वाचले त्यांच्या वाट्याला जास्त जमीन आणि बरी मजुरी आली. केंटमध्ये त्यातून खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यांचा एक वर्ग उभा राहिला. अशी घरं त्यांनी बांधली. मजुरांच्या झोपड्या केव्हाच मातीला मिळाल्या. आज जे उभं आहे त्यावरून सगळ्या गावाचं राहणीमान ठरवलं तर फसायला होतं.

राखायचं ते काय?

बे-लीफ पुन्हा उभं करताना हॉलमध्ये नंतर घातलेलं धुराडं आणि पाटणी गाळली आणि घर १५४०च्या सुमाराला जसं असेल तसं मांडलं. त्यामुळे उघडा हॉल आपल्याला अनुभवता येतो, पण पुढच्या ४०० वर्षांच्या माणसांच्या खुणा गेल्या. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच वादातून: मागचा काळ परत आणायच्या नादात मधला काळ खरवडू नका. संग्रहालयासाठी मला बे-लीफचा मार्ग पटतो. राहत्या घरासाठी मॉरिस यांचं म्हणणं बरोबर वाटतं.

राहत्या घराचा खरा शत्रू मात्र सिमेंट आहे. चुना आणि माती ओल शोषतात आणि सोडतात. २०व्या शतकात अनेकांनी पक्कं काम म्हणून वरून सिमेंटचा गिलावा केला. त्याला चिरा जातात, पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नाही. सर्वांत खालची तुळई गिलाव्यामागे कुजते आणि बाहेरून काही कळत नाही. कोरडा राहिलेला ओक शतकानुशतकं टिकतो. भिजून कोंडलेला टिकत नाही.

अशी घरं बहुतेक जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत असतात. १७०० पूर्वीची, मूळ रूप बऱ्यापैकी टिकलेली इमारत सहसा यादीत येतेच. मग आतली भिंत पाडायला, खिडकी बदलायलाही परवानगी लागते, आणि विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा आहे.

त्या जोडप्याला मी इतकंच कळवलं: घर पाहायला जाल तेव्हा विटांच्या भिंतीपुढे फार वेळ उभे राहू नका. टॉर्च घेऊन पोटमाळ्यावर चढा, वाशावर बोट फिरवा आणि काजळी कुठपर्यंत आहे ते पाहा. मग खाली या आणि जमिनीलगतची तुळई कोरडी आहे का ते जाणकाराकडून तपासून घ्या. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, फोटोसकट. काळं झालेलं बोट होतं.